नऊ पिनांचा प्लग बसला, म्हणून पॅड चालेलच असं नाही

तुमचं दुखणं थोडक्यात असं: देवगडजवळच्या जामसंड्याच्या जुन्या घरात मे महिन्यात कौलं परतायला काढली, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात लहानपणीच्या टीव्ही गेमचे दोन पॅड, एक प्लेस्टेशन २ चा कंट्रोलर आणि पंधरा पिनांची एक काळी जॉयस्टिक निघाली. गेमचा डबा कधीच भंगारात गेलेला. तुम्ही टीव्ही गेमचा पॅड घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेलात. दुकानदाराने प्लग बघून नऊ पिनांची यूएसबी केबल काढून दिली. ती चपखल बसली, विंडोजने ‘टुंग’ही केलं, पण एकही बटण लागत नाही. पॅड मेला का, आणि आता कुठला अडॅप्टर घ्यायचा, हे तुम्हाला हवंय.

पॅड बहुतेक जिवंत आहे. केबल चुकीची आहे.

कुडाळला माझ्या टेबलावर असे पॅड गणपतीच्या आधी हमखास येतात. चाकरमानी येणार, पोरं जमणार, कुणीतरी माळा उपसतं आणि ‘मेस्त्री, ह्यां चालतलां मां?’ म्हणत पिशवी पुढे करतं. दहातल्या निम्म्यांनी तरी तुमच्यासारखीच केबल आधी विकत घेतलेली असते. ती असते यूएसबी ते सिरियल, म्हणजे आरएस-२३२ची. पूर्वी मोडेम, सिरियल माउस, वजनकाटे, बिलिंगची यंत्रं या पोर्टवर चालायची. तिच्या टोकाला नऊ पिना असतात, तुमच्या पॅडच्या प्लगला नऊ भोकं असतात, म्हणून दोघांचं लग्न जमतं. विंडोजने जो आवाज केला तो केबलसाठी, पॅड जोडलाय हे त्याच्या गावीही नाही.

हे लग्न थोडं धोक्याचंही आहे. आरएस-२३२ ची पाठवायची तार रिकामी बसलेली असताना शून्यावर नसते, शून्याखाली पाच ते बारा व्होल्टवर असते. पॅडमधल्या पाच व्होल्टच्या चिपला हे झेपणारं नाही. पण तुमच्या पॅडची जोडणी नेहमीची असेल तर त्याला ग्राउंड लागतं ८ नंबरवर, आणि सिरियल केबलचा ८ नंबर म्हणजे ग्राउंड नव्हे, तिची एक ऐकायची तार. त्या तारेच्या आत तीन ते सात किलोओहमचा अडथळा असतो. म्हणजे उलटा प्रवाह गेलाच असेल तर एखाद-दोन मिलीअँपियरचा. पॅड वाचला असणार असं म्हणतोय ते यावरून. केबल मात्र आता काढून ठेवा, पुन्हा ‘बघूया तरी’ म्हणून लावू नका.

हा नऊ पिनांचा डी आकाराचा प्लग म्हणजे कोकणातलं आडनाव. एकाच आडनावाची चार घरं, चौघांची कुळं वेगळी. अटारीची जॉयस्टिक याच प्लगची: प्रत्येक दिशेला एक तार, बटणाला एक, आत चिप नाहीच. सेगा मेगा ड्राइव्हचा पॅडही याच प्लगचा, पण त्याच्या आत एक निवड करणारी चिप असते. ७ नंबरच्या तारेवरून कन्सोल, म्हणजे गेमचा डबा, तिला सांगतं ‘आता हा गट दाखव, आता तो’, आणि पाच व्होल्ट ५ नंबरवर येतात. आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी जे डबे घरोघरी आले, ते मुळात निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांनी प्लग घेतला अटारी-सेगाचा आणि भाषा ठेवली निन्टेंडोची. म्हणून बाजारात नुसतं ‘नऊ पिन रेट्रो’ लिहिलेला यूएसबी अडॅप्टर दिसला तर आधी तो कुठल्या कन्सोलचा ते विचारा. असे बहुतेक अडॅप्टर सेगा किंवा अटारीसाठी असतात आणि तुमच्या पॅडला ते मुक्याशी बोलल्यासारखे वाटतील.

निन्टेंडोची ही भाषा समजून घेतली तर पुढचं सगळं काम हातात येतं. अस्सल पॅडमध्ये ४०२१ नावाची एकच चिप असते, आठ बटणं, आठ खण. प्राथमिक शाळेतली हजेरी डोळ्यांसमोर आणा. गुरुजींनी शिट्टी मारली की आठही पोरं जागच्या जागी थिजतात, हा लॅच. मग गुरुजी एकेकदा टाळी वाजवतात आणि रांगेतला पुढचा पोरगा आपलं उत्तर देतो, टाळी म्हणजे क्लॉक, उत्तर म्हणजे डेटा. क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. पहिला पोरगा टाळीची वाट बघत नाही, शिट्टी होताच बोलून मोकळा होतो. आणि उत्तरं उलटी असतात: बटण दाबलेलं असेल तर ०, मोकळं असेल तर १. कन्सोल हे सगळं चित्राच्या दर चौकटीला, सेकंदाला पन्नास-साठ वेळा करतं. पाच तारांत आठ बटणं बसतात ती अशी. नकली पॅडमध्ये ४०२१ च्या जागी काळ्या लाखेचा ठिपका दिसेल, पण तो बोलतो हेच.

माझ्या हातून गेलेल्या बहुतेक नऊ पिनांच्या पॅडमध्ये २ डेटा, ३ लॅच, ४ क्लॉक, ६ पाच व्होल्ट आणि ८ ग्राउंड असं असतं. भोकांच्या बाजूने, पाचची ओळ वर धरून पाहिलंत तर १ नंबर उजव्या टोकाला. पण ‘बहुतेक’ या शब्दावर पाच व्होल्ट सोडायचे नसतात, आणि तारांच्या रंगावर तर मुळीच नाही. एकाच खोक्यातून आलेल्या दोन पॅडांत एकाची लाल तार पाच व्होल्टची आणि दुसऱ्याची लाल तार क्लॉकची निघालेली मी पाहिली आहे. पॅड उघडा, मल्टिमीटर बीपवर (तार जोडलेली असली की वाजतो तिथे) लावा, प्लगचं एकेक भोक आणि आत सोल्डर केलेली एकेक तार जुळवा. ग्राउंड ओळखायला सोपं: प्रत्येक बटणाखालच्या दोन काळ्या जिभांपैकी एक ज्या रुंद तांब्याच्या पट्टीला जाऊन मिळते, ती पट्टी ग्राउंड.

उघडलाच आहे तर आता थांबा. अडॅप्टरच्या आधी सफाई, कारण हा देवगडचा पॅड आहे, पुण्याचा नव्हे.

खारी हवा आणि चार महिन्यांची ओल. आपल्याकडे डब्यातला पापड वातड होतो तिथे तांब्याची काय कथा. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात आमटी कळकते ना, तसाच हिरवा थर प्लगच्या आतल्या पत्र्यांवर आणि तार जिथे बोर्डाला चिकटते तिथे दिसेल. एका घरातल्या आजींनी तो घरच्या रीतीने काढला, कोकमाचं आगळ लावून. प्लग लखलखीत झाला आणि आठवड्यात पहिल्यापेक्षा जास्त हिरवा पडला. आगळात आंबट तर असतंच, वर मीठही असतं, आणि ते प्लगच्या फटीत राहून गेलं. चिंच, लिंबू, आगळ भांड्यांना ठेवा. इथे आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी आणि जुना मऊ टूथब्रश. अल्कोहोल उडून जातं, मागे काही ठेवत नाही.

बटणांखालची रबरं वेगळी निघतात. ती कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि रात्रभर सावलीत सुकवा. रबराच्या पोटाशी काळी गोळी असते, तिच्यात कार्बन असतो, ती घासू नका. मीटरची दोन टोकं गोळीला हलके टेकवून बघा. काहीशे ओहम दाखवले तर गोळी धडधाकट. आकडा हजारांच्या वर चढत लाखाकडे गेला तर ते बटण जोर लावूनही कधी लागेल, कधी नाही. बोर्डावरच्या काळ्या जिभांना पॉलिश पेपर लावण्याचा मोह होईल. तो आवरा, तो कार्बनचा छापील थर आहे, गेला की गेला. पांढऱ्या खोडरबराचा एक हलका हात पुरे.

तार तुटलेली निघाली तर ती जवळजवळ नेहमी पॅडमध्ये शिरते त्या तोंडाशी तुटलेली असते, कारण आपण सगळेच तार पॅडभोवती करकचून गुंडाळत होतो. घरातल्या जुन्या माउसची केबल लावू म्हणाल, तर तिच्यात चारच तारा असतात आणि आपल्याला पाच लागतात. लॅनच्या केबलमध्ये आठ असतात, पण ती इतकी ताठ की पॅड टेबलावर स्वस्थ बसत नाही. जुन्या सिरियल माउसची केबल सापडली तर मात्र घबाड: प्लगही तोच, तारही मऊ. फक्त पाच जागा आत खरंच जोडलेल्या आहेत का ते मीटरने बघून घ्या.

आता अडॅप्टर. या पॅडसाठी तयार अडॅप्टर शोधत बसू नका, करा. ज्यावर एटीमेगा३२यू४ ही चिप आहे असा प्रो मायक्रो बोर्ड घ्या, पाच व्होल्टवाला. हा प्रोग्रॅम भरता येणारा, आर्डुइनोच्या जातीचा छोटा बोर्ड. त्याच नावाने तीन व्होल्टवालाही मिळतो, म्हणून मागवताना बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो, ऑनलाइन काहीशे रुपयांत घरपोच येतो. जुना आर्डुइनो उनो घरात पडलेला असला तरी तो या कामाचा नाही. त्याची मुख्य चिप यूएसबीशी थेट बोलत नाही, त्यामुळे पीसीला तो जॉयस्टिक म्हणून ओळख देऊ शकत नाही. प्रो मायक्रो देऊ शकतो. रास्पबेरी पाय पिको हाही चांगला बोर्ड, पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पॅडला पाच व्होल्ट देऊन त्याची डेटा तार सरळ पिकोत घातलीत तर पिको दुखावेल. पहिल्यांदाच करताय तर प्रो मायक्रोच बरा.

मी बोर्डाच्या २, ३, ४ याच पिना घेतो, म्हणजे प्लगचा २ तो बोर्डाचा २, घोळ होत नाही. बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनेवरून पॅडला वीज, ग्राउंडला ग्राउंड. लॅच, क्लॉक, डेटा या तिन्ही तारांत एकेक किलोओहमचा रेझिस्टर टाका. ओळख चुकली आणि बोर्ड पॅडच्या डेटावरच जोर लावायला लागला, तरी पाच मिलीअँपियरच्या वर काही जाणार नाही. तीन तारांच्या अदलाबदलीचे प्रकार सहाच, तेव्हा ओळख पटत नसेल तर बिनधास्त सहाही करून बघा. ग्राउंड आणि पाच व्होल्ट मात्र अंदाजाने नाही.

प्रोग्रॅम लहान आहे. लॅच १२ मायक्रोसेकंद वर, मग खाली. डेटा वाचा. क्लॉक सहा मायक्रोसेकंद एका पातळीवर, सहा दुसऱ्या, पुन्हा वाचा. असे एकूण आठ. आर्डुइनोची जॉयस्टिक लायब्ररी पुढचं बघते. डेटाच्या पिनेचा आतला पुल-अप, म्हणजे मोकळी तार पाच व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर, चालू ठेवा, म्हणजे पॅड काढलेला असला तरी सगळं ‘न दाबलेलं’ दिसेल आणि विंडोजला भूत लागणार नाही.

मग विंडोजच्या रन खिडकीत ‘जॉय डॉट सीपीएल’ टाइप करा, डॉट म्हणजे टिंब, सगळं इंग्रजीत. गेम कंट्रोलरची यादी उघडते, त्यात प्रॉपर्टीजमध्ये गेलात की प्रत्येक बटणाला एक लाल दिवा. हीच तुमची तपासणीची जागा, गेम नंतर. इथले दिवे बरंच काही सांगतात. ए दाबलं की आठही बटणं एकदम लागतात आणि बाकीच्या बटणांनी काहीच होत नाही, तर क्लॉकची तार तुटली आहे: टाळी ऐकूच येत नाही, म्हणून पहिला पोरगाच आठ वेळा उत्तर देतोय. सगळे दिवे न दाबताच पेटलेले राहतात, तर डेटा ग्राउंडला चिकटलाय किंवा पॅडला वीजच पोचत नाही. एकच दिवा आपोआप पेटून राहतो, तर त्या रबराखाली ओल किंवा घाण. टर्बोची बटणं वेगळी दिसणार नाहीत, त्याने घाबरू नका. टर्बो म्हणजे पॅडनेच ए किंवा बी भराभर दाबणं, म्हणून तेच दिवे फडफडतील.

प्लेस्टेशन २ च्या कंट्रोलरसाठी मात्र उलटा सल्ला: करू नका, विकत घ्या. त्याची भाषा तयार अडॅप्टरांना चांगली येते आणि ते सगळीकडे मिळतात. दोन गोष्टी बघा. लावल्यावर मधलं अ‍ॅनालॉगचं बटण दाबून तांबडा दिवा पेटवा, नाहीतर काठ्या मेलेल्या वाटतील. आणि स्वस्त अडॅप्टर पीसीला आपली स्थिती सेकंदाला १२५ वेळा सांगतो, म्हणजे दर आठ मिलीसेकंदांनी. साठच्या वेगाने चित्राची एक चौकट १६.७ मिलीसेकंदांची असते, तेव्हा मारिओच्या उड्या मारायला हे पुरतं. मारामारीच्या गेममध्ये चुटकीसरशी प्रतिसाद हवा असणाऱ्याने दर मिलीसेकंदाला स्थिती सांगणारा महाग अडॅप्टर घ्यावा. कंपन कमी वाटलं तर कंट्रोलर बिघडलेला नाही: कन्सोल त्याच्या मोटरला साडेसात व्होल्टच्या आसपास देतं, यूएसबीकडे पाचच असतात. बटणं आपोआप लागत असतील तर आतली पातळ फिल्म ज्या जागी बोर्डाला टेकते तिथला दाब सैल झालेला असतो, फिल्मच्या मागे कागदाची एक घडी घालून बहुतेक वेळा भागतं.

पंधरा पिनांची जॉयस्टिक ही जुन्या पीसीच्या गेमपोर्टची असावी, पण ‘असावी’च. काही टीव्ही गेमच्या पॅडांनाही पंधरा पिनांचाच प्लग असे. जॉयस्टिकच्या काठीला मधल्या मधल्या जागा असतील, नुसत्या चार दिशांची टकटक नसेल, तर ती गेमपोर्टची. तिच्या आत १०० किलोओहमचे दोन पोटेन्शियोमीटर, म्हणजे फिरवल्यावर अडथळा बदलणारे रेझिस्टर, असतात. पीसी एक कपॅसिटर त्यांच्यातून भरू द्यायचा आणि भरायला किती वेळ लागला त्यावरून काठी कुठे आहे ते ओळखायचा. विंडोज व्हिस्टापासून गेमपोर्टचा आधारच काढून टाकला, तेव्हा तशा पोर्टचं जुनं कार्ड मिळालं तरी उपयोग नाही. त्याच प्रो मायक्रोच्या अ‍ॅनालॉग पिनांवर, ग्राउंडकडे एकेक रेझिस्टर जोडून, ती वाचता येते. पण खरं सांगू? वीस पावसाळे काढलेल्या त्या पोटेन्शियोमीटरच्या कार्बनवर माझा विश्वास नाही. मीटर लावून काठी सावकाश फिरवा. आकडा उड्या मारत असेल तर ती शोकेसमध्ये ठेवा.

जुने गेम इम्युलेटरवर, म्हणजे पीसीवर जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळणार असाल तर पॅड रेट्रोआर्कसारख्या प्रोग्रॅममध्ये एकदा बटणं नेमून दिली की झालं. नवे गेम मात्र बहुतेक एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचीच बोली ऐकतात, तुमचा पॅड त्यांना दिसणारच नाही. त्यांच्यासाठी स्टीम या गेम विकणाऱ्या-चालवणाऱ्या प्रोग्रॅमची कंट्रोलर सेटिंग मधला दुभाष्या होते.

शेवटचं, कारण तुमच्याकडे पॅड दोन आहेत आणि गणपतीला काँट्रासारखा दोघांनी खेळायचा गेम निघणारच. दोन पॅडांना दोन वेगळे बोर्ड लावू नका. दोघांचं नाव विंडोजमध्ये एकच दिसतं, आणि पीसी बंद करून चालू केला की कधी पहिला दुसरा होतो, कधी दुसरा पहिला, मग भावंडांची भांडणं. एकाच प्रो मायक्रोवर लॅच आणि क्लॉक दोन्ही पॅडांना समाईक द्या, दुसऱ्याची डेटा तार तेवढी ५ नंबरच्या पिनेवर घ्या, आणि प्रोग्रॅममध्ये दोन जॉयस्टिक दाखवा. एक शिट्टी, एकच टाळी, दोन रांगा एकदम उत्तर देतात. दुसऱ्या पॅडवर स्टार्ट आणि सिलेक्ट नसतील तर ती तुटून पडलेली नाहीत. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या पॅडवरही ती नव्हती, त्या जागी मायक्रोफोन होता, आणि नकला करणाऱ्यांनी मायक्रोफोन गाळून बाकीचं तसंच ठेवलं. तेव्हा गेम सुरू करायचा मान पहिल्या पॅडवाल्याचाच.